रेडिओने वाजवलं नाही, कंपनीने अल्बम नाकारला, तरी विल्को टिकला. जुन्या चाहत्यांच्या जिवावर

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक गडी असतोच. कुठल्याही बँडचं नाव काढा, तो लगेच म्हणणार, "हे आत्ता फेमस झालेत रे, मी पहिल्या अल्बमपासून ऐकतोय."

आपण त्याला हसतो. भाव खातोय म्हणतो आणि विषय बदलतो.

पण अमेरिकेतल्या संगीताचा एक प्रांत असा आहे, जिथे या गड्याशिवाय पानही हललं नसतं. तिथल्या बँडना ना रेडिओने विचारलं, ना टीव्हीने. बऱ्याचदा रेकॉर्ड कंपनीनेही हात वर केले. तरी त्यातले काही बँड तीस-तीस वर्षं टिकले. नवे अल्बम काढत राहिले, थिएटरं भरत राहिले.

या प्रांताचं नाव ऑल्टरनेटिव्ह कंट्री, थोडक्यात ऑल्ट-कंट्री. इंडी रॉक हा त्याचा सख्खा शेजारी. इतका सख्खा, की मधली भिंत कुठे आहे हे दोघांनाही नीट सांगता येत नाही.

आता प्रश्न असा, की जाहिरात नाही, हिट गाणं नाही, मग दुकान चालतं कसं? आणि त्यात जुन्या चाहत्याच्या पदरात काय पडतं?

हे समजून घ्यायला विल्को या एका बँडची गोष्ट पुरेशी आहे.

आधी ऑल्ट-कंट्री म्हणजे काय ते बघू

कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडचं, कष्टकऱ्यांचं संगीत. अकूस्टिक गिटार, फिडल, बँजो, आणि गाण्यात एखादी सरळ सांगितलेली गोष्ट. दारू, रेल्वे, देव, मोडलेला संसार, गेलेली नोकरी.

पुढे याच संगीताचा मोठा धंदा झाला. नॅशव्हिल हे शहर त्याची राजधानी बनलं. गाणी गुळगुळीत झाली. १९९० च्या दशकात गार्थ ब्रुक्ससारखे कंट्री गायक अख्खी स्टेडियमं भरवत होते.

त्याच काळात पंक रॉक ऐकून मोठी झालेली काही पोरं आजोबांच्या काळातल्या रेकॉर्ड काढून बसली. त्यांच्या लक्षात आलं, की जुन्या कंट्रीतलं दुःख आणि पंकमधला राग या दोन गोष्टी काही फार लांबच्या नाहीत. मग त्यांनी दोन्ही एकाच गाण्यात घातल्या.

हा प्रयोग अगदीच नवा नव्हता. १९६८ साली द बर्ड्स या रॉक बँडने ग्रॅम पार्सन्सला सोबत घेऊन 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' नावाचा कंट्री अल्बम काढला होता. पार्सन्स १९७३ मध्ये अवघ्या २६ व्या वर्षी गेला. पण त्याने टाकलेली ठिणगी विझली नाही.

बेलविल नावाचं गाव आणि तीन पोरं

इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या अलीकडे बेलविल नावाचं गाव आहे. नदीपलीकडे सेंट लुईस शहर. जे फॅरार, जेफ ट्वीडी आणि माइक हाइडॉर्न ही तिथली पोरं. ट्वीडीचे वडील रेल्वेत कामाला होते.

१९८७ मध्ये या तिघांनी 'अंकल टुपेलो' नावाचा बँड सुरू केला. १९९० मध्ये पहिला अल्बम आला, 'नो डिप्रेशन'. हे नाव त्यांनी उचललं कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री घराण्याने १९३६ साली रेकॉर्ड केलेल्या गाण्यावरून. ते गाणं महामंदीच्या काळातलं. त्यामुळे 'डिप्रेशन' म्हणजे इथे मंदी, मनाचा आजार नव्हे.

अल्बम काही लाखांत खपला नाही. पण ज्यांनी ऐकला त्यांना वेड लागलं.

किती? तर याच नावाने चाहत्यांच्या इंटरनेटवर गप्पा सुरू झाल्या आणि १९९५ मध्ये सिएटलमधून 'नो डिप्रेशन' नावाचं मासिकच निघालं. ग्रँट ओल्डन आणि पीटर ब्लॅकस्टॉक हे त्याचे संपादक. पुढे तर या सगळ्या संगीतालाच लोक 'नो डिप्रेशन' म्हणायला लागले. फारसा न खपलेला एक अल्बम, आणि त्याचं नाव एका अख्ख्या प्रकाराला.

मग भाऊबंदकी सुरू झाली

बँडमध्ये गाणी लिहिणारे दोघं होते, फॅरार आणि ट्वीडी. शाळेपासूनचे मित्र. पण ट्वीडीची गाणी वाढत गेली तसं दोघांमधलं बोलणं कमी होत गेलं.

१९९३ मध्ये 'अ‍ॅनोडाइन' हा मोठ्या कंपनीसाठी केलेला त्यांचा पहिला अल्बम आला. आता कुठे दिवस पालटणार होते. आणि १९९४ च्या सुरुवातीलाच फॅरारने मॅनेजरला सांगून टाकलं, मी बँड सोडतोय. गडी आडनावाला जागला आणि फरार झाला.

१ मे १९९४ ला सेंट लुईसच्या मिसिसिपी नाइट्स या क्लबमध्ये अंकल टुपेलोचा शेवटचा कार्यक्रम झाला.

फॅरारने 'सन व्होल्ट' काढला. उरलेल्या लोकांना घेऊन ट्वीडीने 'विल्को' काढला. १९९५ मध्ये दोघांचेही पहिले अल्बम आले. विल्कोचा 'ए.एम.' मार्चमध्ये, सन व्होल्टचा 'ट्रेस' सप्टेंबरमध्ये.

समीक्षकांनी 'ट्रेस'ला डोक्यावर घेतलं. 'ए.एम.'ला ठीकठाक म्हणून सोडून दिलं. त्या वेळी पैज लावायची म्हटली असती तर बहुतेकांनी फॅरारवर लावली असती.

चाहत्यांचेही दोन गट पडले. घराच्या वाटण्या झाल्यावर नातेवाइकांचे पडतात तसेच.

रेडिओ यांना का वाजवत नव्हता?

इथे थोडा धंदा समजून घ्यायला पाहिजे.

अमेरिकेत रेडिओ स्टेशनं प्रकारानुसार चालतात. कंट्रीचं वेगळं, रॉकचं वेगळं. ऑल्ट-कंट्री बँड कंट्री स्टेशनला फार खरखरीत वाटायचे. रॉक स्टेशनला फार गावठी वाटायचे. म्हणजे ना घर का ना घाट का.

त्यात १९९६ मध्ये अमेरिकेत नवा टेलिकॉम कायदा आला. त्याआधी एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त ४० स्टेशनं ठेवता यायची. नव्या कायद्याने ही देशपातळीवरची मर्यादा काढून टाकली. काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे १,२०० पेक्षा जास्त स्टेशनं जमा झाली.

याचा परिणाम काय? कुठल्या गाण्याला किती वेळ द्यायचा हे गावातल्या निवेदकाच्या हातात कमी राहिलं. ते वरून ठरायला लागलं. जे गाणं सगळीकडे चालेल तेच वाजणार. मधल्यामधे अडकलेल्या बँडला दार बंद.

मग उरला एकच रस्ता. गाडीत सामान भरायचं, शहरामागून शहर करायचं, दोनशे-तीनशे लोकांच्या क्लबमध्ये वाजवायचं. आणि ज्यांनी ऐकलं त्यांनी पुढच्या वेळी आणखी दोघांना घेऊन यावं अशी आशा ठेवायची.

आता येऊ मेन किश्श्याकडे

विल्को हळूहळू बदलत होता. १९९६ च्या 'बीइंग देअर' या अल्बममध्ये दोन सीडी होत्या. पण चाहत्याला एकाच सीडीच्या किमतीत मिळावा म्हणून बँडने स्वतःच्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. १९९८ मध्ये इंग्लंडच्या बिली ब्रॅगबरोबर 'मरमेड अ‍ॅव्हेन्यू' आला. त्यात लोकगायक वुडी गथ्रीने लिहून ठेवलेल्या शब्दांना नवीन चाली लावल्या होत्या. १९९९ चा 'समरटीथ' तर पॉपकडे झुकलेला.

मग शिकागोमधल्या स्वतःच्या जागेत त्यांनी 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' हा अल्बम करायला घेतला. गाणी आतून साधीच होती. पण वरून खरखर, रेडिओचे आवाज, तुटक ताल यांचा थर चढवला होता. जुना ड्रमर गेला, ग्लेन कोची आला. मिक्सिंगला जिम ओ'रूर्क आला.

२००१ च्या जूनमध्ये अल्बम रिप्राइज या कंपनीकडे गेला. वॉर्नरच्या घरातली ही कंपनी. वॉर्नरचं एओएलबरोबर नुकतंच लग्न लागलेलं, खर्चकपात जोरात, आणि विल्कोला सांभाळून घेणारे वरिष्ठ बाहेर पडण्याच्या वाटेवर.

नवीन लोकांनी अल्बम ऐकला. रेडिओवर चालेल असं त्यात काही दिसेना. त्यांनी अल्बम नाकारला.

अशा वेळी बँड काय करतो? एक तर गाणी बदलतो, नाही तर कपाळाला हात लावतो. विल्कोने दोन्ही केलं नाही. त्यांनी कंपनी सोडली आणि जाताना अल्बमचे मास्टर सोबत घेतले.

हा अल्बम ११ सप्टेंबर २००१ ला येणार असं आधी ठरलं होतं. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते जगाला माहीत आहे. आणि त्यानंतर आठवड्याभरात, १८ सप्टेंबरला, विल्कोने अख्खा अल्बम आपल्या वेबसाइटवर फुकट ऐकायला ठेवला.

लोक ऐकून थक्क झाले. अल्बम हल्ल्याच्या आधीच पूर्ण झालेला. पण कव्हरवर शिकागोच्या मरीना सिटीचे दोन जुळे टॉवर, आणि एका गाण्याचं नाव 'अ‍ॅशेस ऑफ अमेरिकन फ्लॅग्ज', म्हणजे अमेरिकी झेंड्यांची राख. हा निव्वळ योगायोग होता. पण भेदरलेल्या माणसांना त्या गाण्यांत आपलंच मन दिसलं.

त्या सीझनच्या दौऱ्यात एक गंमत झाली. अल्बम दुकानात आलेलाच नाही, आणि समोरचे लोक गाणी पाठ म्हणतायत.

नोव्हेंबरमध्ये नॉनसच या कंपनीने विल्कोला घेतलं. आता खरी मजा ऐका. नॉनससुद्धा वॉर्नरच्याच घरातली. म्हणजे एका खिशातून पैसे देऊन करवून घेतलेला अल्बम फेकला, आणि दुसऱ्या खिशातून पैसे देऊन तोच परत आणला.

२३ एप्रिल २००२ ला अल्बम रीतसर बाजारात आला. सात महिने फुकट ऐकून झालेला हा माल कोण विकत घेणार असं कुणालाही वाटलं असतं. पहिल्याच आठवड्यात सुमारे ५५ हजार प्रती गेल्या. बिलबोर्डच्या यादीत थेट १३ वा नंबर. आधीचा 'समरटीथ' ७८ च्या वर गेला नव्हता.

ज्यांनी फुकट ऐकला होता, तेच दुकानात रांगेला होते.

चाहता म्हणजे बँक, चाहता म्हणजे रेडिओ

हे एकट्या विल्कोच्या नशिबात होतं असं नाही.

त्याच सप्टेंबर २००१ मध्ये ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या दक्षिणेतल्या बँडने 'सदर्न रॉक ऑपेरा' हा दोन सीडींचा अल्बम काढला. विमान अपघातात उद्ध्वस्त झालेल्या लिनर्ड स्किनर्ड या बँडभोवती तो रचलेला. छापायला पैसे नव्हते. मग त्यांनी चाहते, मित्र, घरचे यांच्याकडून चक्क व्याजाने कर्ज घेतलं आणि तशा चिठ्ठ्या लिहून दिल्या. क्राउडफंडिंग हा शब्द लोकांच्या तोंडी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

दुसरं काम प्रसाराचं. विल्कोने लोकांना कार्यक्रमाचा आवाज रेकॉर्ड करायची मुभा दिली. ही प्रथा ग्रेटफुल डेड या बँडची. १९८४ मध्ये त्यांनी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली होती. अट एकच, धंदा करायचा नाही. चाहते ही रेकॉर्डिंग एकमेकांना पाठवायचे. गाणं कुठल्या रात्री कसं वाजलं यावर तासन्‌तास वाद घालायचे. जे काम रेडिओने केलं नाही ते असं झालं.

२००४ मध्ये विल्कोचा 'अ घोस्ट इज बॉर्न' हा अल्बम बाजारात येण्याआधीच इंटरनेटवर फुटला. कंपनी असती तर वकील धावले असते. इथे फुकट ऐकलेल्या चाहत्यांनीच आपणहून वर्गणी काढली. बँडच्या पसंतीने ते हजारो डॉलर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला गेले.

म्हणजे या प्रांतात चाहता नुसतं गिऱ्हाईक नसतो. तो सावकार असतो, निवेदक असतो आणि दफ्तर सांभाळणारा कारकूनही असतो. बँड म्हणजे अर्धा त्याचाच आहे असं त्याला वाटतं.

आणि अडचण इथेच सुरू होते.

या गोष्टीची दुसरी बाजू

'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'च्या वेळी सॅम जोन्स हा फोटोग्राफर बँडवर ब्लॅक अँड व्हाइट फिल्म करत होता. त्याला वाटलं होतं, एका अल्बमचा जन्म टिपू. टिपली गेली फाटाफूट.

जे बेनेट हा विल्कोतला दुसरा मोठा माणूस. कुठलंही वाद्य हातात द्या, वाजवणार. स्टुडिओतलं तंत्र त्याला पाठ. 'समरटीथ' आणि 'यँकी' या दोन्हींवर त्याचा हात स्पष्ट ऐकू येतो. पण मिक्सिंगवरून त्याचं आणि ट्वीडीचं इतकं बिनसलं, की अल्बम पूर्ण होताच २००१ मध्ये त्याला बाहेर जावं लागलं. फिल्ममध्ये एका बारीक मुद्द्यावरून चाललेला त्यांचा वाद आहे. तो बघताना खोलीतून उठून जावंसं वाटतं.

ट्वीडीचीही अवस्था बरी नव्हती. लहानपणापासूनची अर्धशिशी, पॅनिक अटॅक, आणि त्यातून लागलेलं वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन. २००४ मध्ये तो उपचारासाठी दाखल झाला आणि 'अ घोस्ट इज बॉर्न' पुढे ढकलावा लागला. त्यातलं एक गाणं सुमारे १५ मिनिटांचं आहे आणि बहुतेक वेळ त्यात नुसती गुणगुण चालते. डोकं ठणकतं तेव्हा कसं वाटतं ते ऐकवायचा तो प्रयत्न होता. पुढे २०१८ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात ट्वीडीने व्यसनाबद्दल मोकळेपणाने लिहिलं. तो सावरला.

बेनेट सावरला नाही. २००९ मध्ये त्याला खुब्याचं ऑपरेशन करायचं होतं आणि विमा पुरेसा नव्हता, हे त्याने स्वतःच लिहिलं होतं. मे महिन्यात त्याने थकलेल्या पैशांसाठी ट्वीडीवर दावा लावला. त्याच महिन्यात, २४ मे २००९ ला, तो झोपेत गेला. वय ४५. वेदनाशामक औषधाचा चुकून जास्त झालेला डोस हे कारण निघालं.

जुन्या चाहत्यासाठी हा प्रश्न सुटणारा नाही. जो अल्बम त्याला आयुष्यात सगळ्यात जवळचा वाटतो, तो दोन माणसांच्या भांडणातून झाला. त्यातला एक आज यशस्वी आहे, एक हयात नाही. बाजू घ्यावी, तर कुणाची? बँडमध्ये कोण बरोबर होतं हे बाहेरून कधीच पूर्ण कळत नाही. एवढंच करता येतं, की गाणं ऐकताना कव्हरवरची सगळी नावं वाचायची. बेनेटचंही.

"आधीचे दिवस राहिले नाहीत" हे दुखणं

दुसरी अडचण बदलाची.

अंकल टुपेलोच्या चाहत्याला विल्कोचा पॉप खटकला. पॉपच्या चाहत्याला खरखर खटकली. २००७ मध्ये 'स्काय ब्लू स्काय' हा शांत अल्बम आला, तेव्हा खरखरीच्या चाहत्यांनी नाक मुरडलं. म्हणजे दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी "आता यांच्यात दम राहिला नाही" म्हणत उठणार, हे ठरलेलं.

पण गंमत बघा. १९९५ साली समीक्षकांनी ज्याला दुसरा नंबर दिला तो बँड मोठा झाला, तो या बदलण्यामुळेच. आणि चाहते टिकले ते प्रत्येक अल्बम आवडला म्हणून नाही. नावडता अल्बमही दोन-तीनदा ऐकून बघायची सवय लागली म्हणून.

बँडनेही हे नातं जपलं. फेब्रुवारी २००८ मध्ये शिकागोच्या रिव्हिएरा थिएटरमध्ये पाच रात्री कार्यक्रम करून तोवरच्या स्टुडिओ अल्बममधली सगळी गाणी वाजवली. २०१० पासून मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या कारखान्यात उभ्या असलेल्या मास मोका या संग्रहालयात ते 'सॉलिड साउंड' नावाचा स्वतःचा महोत्सव भरवतात. २०१३ मध्ये तिथे एका रात्री चाहत्यांनी सांगितलेली दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. २०११ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. मग नाकारायला कुणी उरलंच नाही.

२०२२ मध्ये विल्कोने अल्बम काढला, त्याचं नाव 'क्रुएल कंट्री'. ज्या कंट्रीपासून लांब जाण्यात वीस-पंचवीस वर्षं घालवली, तिच्याकडेच परत. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या नाकारलेल्या 'यँकी'च्या २० वर्षांनिमित्त काढलेल्या आवृत्तीला सर्वोत्तम ऐतिहासिक अल्बमचा ग्रॅमी मिळाला.

ऐकायचं असेल तर कुठून सुरू करू?

सोपा क्रम सांगतो. आधी अंकल टुपेलोचा 'अ‍ॅनोडाइन'. मग 'ट्रेस' आणि 'बीइंग देअर' पाठोपाठ, म्हणजे दोन भाऊ वेगळे होऊन कुठे गेले ते कळेल. मग 'समरटीथ'. आणि त्यानंतर 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट', शक्यतो हेडफोन लावून, सलग.

पहिल्यांदा ऐकताना वाटेल, मोबाइल बिघडला की काय. बिघडलेला नसतो. दुसऱ्यांदा ऐका. खरखरीच्या खाली एक साधं, गावाकडचं गाणं सापडेल.

आणि ग्रुपमधला तो "मी पहिल्या अल्बमपासून ऐकतोय" म्हणणारा गडी पुन्हा सुरू झाला, तर त्याला एकदा पूर्ण बोलू द्या. भाव खात असेलही. पण रेडिओने दार लावून घेतलं तेव्हा तिकीट काढून समोर उभा राहिलेला तोच होता.